तळघरातलं हरीण

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून)

ताई, नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातला सुतार. वय ६७. बंड्या, वखर, डवरे, तिफणी केल्या, गावातल्या अर्ध्या घरांचे दरवाजे माझ्या हातचे. माझा बाप खळ्यावर जवारी मागायला जायचा, ते मी डोळ्यानं पाहिलं. म्हणून पोराच्या हाती वाकस कधी दिला नाही. तो इंजिनिअर झाला. सहा वर्षं झाली, कॅनडात टोरांटोच्या बाजूला राहाते. सून आहे, पाच वर्षांची नात आहे.

मागच्या हिवाळ्यात त्यानं एक मशीन घेतलं. स्क्रोल सॉ म्हणतात म्हणे. आपल्याकडच्या पन्नास हजाराचं आहे. ऑफिसचं काम झालं की रात्री तळघरात बसून लाकडाचे हरणं, पानं, लोकायची नावं कापत राहाते. फोनवर मला दाखवते. मी छान म्हणतो अन् फोन हिच्या हातात देतो. खरं सांगू का, मला राग येते. ज्या गड्ड्यातून बाहेर काढलं त्यातच पोरगं पुन्हा उतरलं. मागच्या खेपी हरीण दाखवलं, त्याचे दोन पाय मोडून चिकटवले होते. पायाला लाकडाची रेषा आडवी घेतली होती, मोडणारच. पण मी बोललो नाही. (माझ्या डाव्या अंगठ्याचं पेर आरामशीनवर गेलं, त्याला ३१ वर्षं झाली.)

आता पोळ्याला येऊन राहिला. म्हणते, बाबा, हे मशीन तुमच्यासाठी आणतो, मी इथं दुसरं घेतो. इथं तर लाइनचा भरोसा नाही. अन् जाताना आपल्या घराचं जुनं सागवान, थोडं शिसम न्यायचं म्हणते. गावात लोक हासतात, इंजिनिअर होऊन सुतारकी करते म्हणून. त्याला कसं समजावू? का मीच चुकून राहिलो?

– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर

काकाजी, नमस्कार.

आधी मशीनचं संपवू. तुमच्या पत्रातला तोच प्रश्न सोपा आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं: नको.

कॅनडातली घरची वीज १२० व्होल्टची, ६० सायकलची, म्हणजे सेकंदाला ६० हेलकावे घेणारी. आपली २३० ची, ५० सायकलची. तिकडचं मशीन इथल्या बोर्डात तसंच खोचलं तर जळकट वास येईल आणि पन्नास हजारांचं नुसतं लोखंड उरेल. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण ट्रान्सफॉर्मर सायकल बदलत नाही. मशीनला साधी इंडक्शन मोटर असली तर ती इथं तिकडच्या सहा भागांपैकी पाचच भाग वेगानं फिरेल, वर तापेल. वेग कमीजास्त करायचं बटण असलेल्या मशीनींत बहुतेक डीसी मोटर असते, तिला सायकलशी फारसं देणंघेणं नसतं. ती चालेलही. पण शेतातले पंप सुरू झाले की तुमच्याकडचा बल्ब कसा मिणमिणतो ते तुम्ही रोज बघता. २३० च्या जागी १७० आले, तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे १२० च्या जागी ८९ च्या आसपास निघतात. त्यावर ते मशीन कण्हत बसेल आणि तुम्ही मुलाच्या नावानं बोटं मोडाल.

शिवाय वजन. बऱ्यापैकी स्क्रोल सॉ वीस-पंचवीस किलोचा असतो, कारण हलका असला तर टेबलासकट थरथरतो. विमानात एका बॅगेला साधारण २३ किलोची मुभा. म्हणजे सुनेची किंवा नातीची एक अख्खी बॅग त्या लोखंडापायी जायची.

मुलाला म्हणा, मशीन नको, पाती आण. स्क्रोल सॉचं पातं पाच इंच लांब, रुंदीला मिलिमीटरच्या आसपास, चिवट गवताच्या काडीसारखं. डझनावारी पाती एका लिफाफ्यात मावतात. त्यात दोन जाती असतात. एकीच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसरी बिनपिनेची. बिनपिनेचीच आणायला सांगा, कारण तीच पाती हाताच्या फ्रेट सॉच्या चौकटीतही बसतात. तुमच्या गावच्या सोनाराकडे दागिना कापायची ती छोटी चौकट तुम्ही पाहिली असेल, त्याच घराण्यातली ही. सोनाराची पाती मात्र धातूसाठी केलेली, त्यांचे दात इतके बारीक की लाकडाच्या भुश्यानं लगेच बुजतात. तीन, पाच आणि सात नंबरची पाती मागवा. जाळीकामाला तीन, रोजच्या कामाला पाच, जाड ठोकळ्याला सात. चौकट नागपूरला हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळावी. नाहीतर तीही तोच आणेल, हलकीच असते. बाकाच्या कडेला व्ही आकाराची खाच पाडलेली फळी ठोकायची, लाकूड तिच्यावर दाबून धरायचं आणि दात खालच्या बाजूला ठेवून पातं खाली ओढताना कापायचं. याला लाइन लागत नाही. लागतो तो चांगला उजेड. ६७ व्या वर्षी बारीक कामाला बसण्याआधी एकदा डोळे तपासून या, मोतीबिंदू असला तर पातं रेघेवरून उतरल्याचं कळतही नाही.

चाळीस-पन्नास वर्षं करवत धरलेल्या माणसाला करवत कशी धरावी हे मी सांगतेय, तेव्हा माझी लायकीही सांगून टाकते. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला फ्रेट सॉ होते. प्रत्येक मुलामागे वर्षाला दोन पाती. मी मोर काढला होता. मानेच्या वळणावर पहिलं पातं तुटलं, पिसारा सुरू होण्याआधी दुसरं. माझा मोर वर्षभर बिनपिसाऱ्याचा राहिला, घरी सगळे त्याला कोंबडी म्हणत. चूक साधी होती. वळणावर पातं जागच्या जागी खालीवर चालू ठेवून लाकूड हळूहळू फिरवायचं असतं, मी पातंच पिळत होते. ते मला कोणी सांगितलं नाही. सर टेबलामागे बसून वह्या तपासत होते, आणि कोणी काही दाखवायला नेलं की मान वर न करता म्हणायचे, "छान, छान."

त्या छानवर येतेच. आधी अंगठा.

तुमच्या पत्रात अंगठा कंसात आहे. हरणाचे पाय मोडले, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, विचारल्याशिवाय, कंसात, ३१ वर्षांपूर्वीचं पेर. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी तिथंच थांबले. तुम्ही रागाबद्दल लिहिलंय, पण मला तो कंस भीतीचा वाटला. फोनच्या चौकटीत पोराची बोटं चालत्या पात्याजवळ दिसतात आणि तुम्हाला आरामशीनचा आवाज ऐकू येतो, म्हणून तुम्ही फोन काकूंच्या हातात देता. मी चुकत असेन तर सोडून द्या.

चुकत नसेन तर हे ऐका. आरामशीनचा पट्टा किंवा गोल करवत एकाच दिशेनं धावते, बोट लागलं की आत ओढते. स्क्रोल सॉचं पातं शिलाई मशीनच्या सुईसारखं जागच्या जागी खालीवर होतं, तेही जेमतेम पाऊण इंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अशी यंत्रं खरोखरच शिलाई मशीनसारखी पायानं चालवायची असत, आणि घरबसल्या नक्षी कापायला लोक ती विकत घेत. म्हणजे हा छंद काही तुमच्या मुलानं काढलेला नाही. लाकूडकामाच्या विजेवरच्या मशीनींत ही सगळ्यात गरीब गाय. बोट लागलं तर कापतं, रक्त येतं, पण आरामशीनसारखं पेर घेऊन जायला ती सहसा धजत नाही. तिची खोड वेगळी. पातं वर जाताना लाकूड सोबत उचलतं आणि टेबलावर आपटायला लागतं. त्यासाठी एक दाबपट्टी असते, ती बरेच हौशी लोक अडचण होते म्हणून काढून ठेवतात. आणि पातं तुटलं की वरचा तुकडा मशीन बंद होईपर्यंत टोचत राहतो. डोळ्यांवर चष्मा हवा तो त्यासाठी.

खरा धोका दिसत नाही, तो धुळीचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. तुम्ही आयुष्यभर अंगणात, कडुनिंबाखाली काम केलंत, वाऱ्यानं अर्धा भुसा उडवून नेला. तुमचा मुलगा कॅनडाच्या हिवाळ्यात, खिडक्या बंद असलेल्या तळघरात बसतो. तिथं भुसा जातो कुठे? नाकात, आणि घर गरम करायच्या हवेच्या नळ्यांतून वरच्या मजल्यावर नातीच्या खोलीत. त्यात त्यानं सागवान कापलं तर कातडीला खाज, डोळ्यांत चुरचुर, कारण सागाचं तेल सगळ्यांना सोसत नाही. तेव्हा बापानं काळजी करावी अशी जागा आहे, फक्त ती पात्यापासून हातभर वर आहे. त्याला विचारा: धूळ ओढणारं यंत्र लावलंय का? तोंडावर एन-९५ मास्क असतो का, की कोविडमधला कापडाचा जुना रुमाल?

आता लाकूड. घराच्या जुन्या सागवानाच्या चारदोन फळकुट्या तो नेऊ शकेल, पण चपट्या, रंधून स्वच्छ केलेल्या, सालीचा कण नसलेल्या आणि घुणाचं एकही भोक नसलेल्या. कॅनडाच्या विमानतळावर लाकडी वस्तू जाहीर कराव्या लागतात. त्यानं कराव्यात, आणि अधिकाऱ्यानं ठेवून घेतलं तर हुज्जत न घालता सोडून द्यावं. जुन्या आढ्यातलं लाकूड असेल तर लोहचुंबक फिरवून बघा, आजोबांनी ठोकलेला एखादा खिळा आत झोपलेला असतोच. सागात रेतीसारखा सिलिका असतो, त्यानं पाती भराभर बोथट होतात, हे तुम्हाला रंध्याच्या पात्यावरून ठाऊक आहे. त्याला अजून ठाऊक नसेल. शिसम मात्र राहू द्या. शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनांच्या यादीत आहेत, दोन तुकड्यांसाठी कागदपत्रांचं झेंगट कशाला. आणि कोणी शेजारी म्हणाला की धुऱ्यावरचा साग देतो तोडून, तर त्यालाही नाही म्हणा. स्वतःच्या शेतातला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागतेच. तिकडे त्याला मॅपल मिळतं, अक्रोड मिळतं, चेरी मिळतं, बर्चची प्लाय मिळते. लाकडाला तो उपाशी नाही. त्याला आपल्या घराच्या लाकडाचा तुकडा हवा आहे.

गावात लोक हसतात, असं तुम्ही लिहिलंय. परंपरा जपली, वारसा पुढे नेला असलं मी काही म्हणणार नाही. असलं बोलणाऱ्यांचे बाप खळ्यावर जवारी मागायला गेलेले नसतात. तुमच्या गावापासून सेवाग्राम फार दूर नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं, पुढे झाकिर हुसेन समितीनं ज्या मूलोद्योगांची शिफारस केली त्यात कताई-विणाईबरोबर सुतारकामही होतं. विचार मोठा होता. पण सुताराच्या घरी सुतारकाम शाळेत शिकवायची गरज नव्हती, तिथं गरज होती ती त्यातून सुटायची. तुम्ही पोराला सोडवलंत ते बरोबरच केलंत, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करावं असं मला वाटतं.

पण तो परत उतरलाय तो त्याच गड्ड्यात का, हे जरा बघा. मिरूग आठ दिवसांवर आला की तुमच्या अंगणात तिफणींची रांग लागायची. ताप असो, घरात लग्न असो, हात चालवावाच लागे, कारण पेरणी थांबत नाही. बंडी मोडली की माणूस रात्री दार वाजवायचा. आणि पैसे? पीक आल्यावर. तुमच्या मुलाच्या दारात कोणी उभं नाही. हरीण आज झालं नाही तर पुढच्या महिन्यात होईल, आवडलं नाही तर शेकोटीत जाईल. दिवसभर त्यानं केलेलं काम स्क्रीनवर दिसतं आणि स्क्रीन बंद केली की नाहीसं होतं. डिसेंबरात टोरांटोला पाचच्या आत सूर्य मावळतो, बाहेर बर्फ. अशा संध्याकाळी माणसाला हातात धरता येईल असं काहीतरी लागतं. कोणी पोळ्या लाटतो, कोणी पितो. हा हरणं कापतो. पन्नास हजार मला पहिल्यांदा जास्त वाटले, आता वाटत नाहीत.

गावातले लोक हसतील थोडे दिवस. त्यांना म्हणा, पोरगा माझ्याकडे शिकायला येऊन राहिला. इंजिनिअर झालेला मुलगा बापाकडे शिकायला येतो म्हटल्यावर हसणारा कोण उरतो ते बघू.

आणि हे नुसतं म्हणायला नको. माझं मुख्य सांगणं हेच आहे. काकाजी, छान म्हणणं थांबवा. बाहेरचा माणूस छान म्हणतो. त्याच्या ऑफिसातले गोरे लोक छान म्हणतात, शेजारीण छान म्हणते, मीही म्हणेन, मला काय कळतं? बिनपिसाऱ्याच्या मोराची बाई मी. तो तुम्हाला फोन लावून हरीण दाखवतो ते मिस्त्रीला दाखवतो. त्याच्या ओळखीत लाकूड वाचता येणारा एकच माणूस आहे आणि तो माणूस एक शब्द बोलून फोन हातावेगळा करतो. तुम्हाला आडवी रेषा दिसली होती! हजारो मैलांवरून, बोटभर स्क्रीनवर, तुम्ही ओळखलंत की हे पाय का मोडले. आणि गिळून टाकलंत. जो चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तिफणीतला दोष दहा पावलांवरून सांगायचा, त्यानं पोराच्या हरणापुढे गप्प बसावं, याला मी अबोलाच म्हणेन.

पुढच्या फोनला तीन गोष्टी विचारून बघा. एक: नक्षी लाकडावर चिकटवताना बारीक भाग रेषेच्या बाजूनं ठेवतोस की जागा वाचवायला कसाही? दोन: आत कापून काढलेला तुकडा दोन्ही बाजूंनी निघतो का? एकाच बाजूनं निघत असेल तर टेबल पात्याशी काटकोनात नाही, त्याला म्हणा गुण्या लाव. मशीनवर अंशांचे आकडे छापलेले असतात, नवशिके त्यांच्यावर विसंबतात. तुम्ही कधी छापील आकड्यावर विसंबला असता का? तीन: सरळ रेघ कापताना पातं एका अंगाला ओढतं का? ते ओढतंच. पाती घडवताना दातांच्या एका बाजूला धार जास्त राहते, म्हणून लाकूड थोडं तिरकं लोटावं लागतं. नवा माणूस समजतो आपला हात वाकडा. तुम्ही एकदा म्हणालात की हात नाही, पातं वाकडं आहे, तर कदाचित त्याची सहा महिन्यांची शंका फिटेल.

पोळ्याला तो येतोय, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांनी लाकडाचे बैल मिरवायचा. नात पहिल्यांदाच बघणार असेल. तुमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेला केवढाले नंदी निघतात ते तिला दाखवाच. पण हातात धरायला बैल विकत आणू नका. शिवणीचा ठोकळा असेल घरात, दीड इंच जाड, दोन इंच रुंद, तीन इंच लांब. शिवण हलकी, वाकत-फुटत नाही, पोरांच्या खेळण्याला तिच्यासारखं लाकूड नाही. ठोकळ्याच्या रुंद बाजूवर बैल बाजूनं दिसतो तसा काढा: वशिंड, शेपूट, चार पाय. अरुंद बाजूवर तोच बैल समोरून: दोन शिंगं, कान, पायांमधली फट. सात नंबरचं पातं. आधी समोरचं चित्र कापायचं, पण कापलेले तुकडे फेकायचे नाहीत. ते परत जागच्या जागी बसवून सगळा ठोकळा पारदर्शक चिकटपट्टीनं गुंडाळायचा. मग ठोकळा कुशीवर वळवून बाजूचं चित्र कापायचं. चिकटपट्टीमुळे पातं कमी तापतं, लाकूड करपत नाही, हा तिकडच्या हौशी लोकांचा हुकमी उपाय आहे. शेवटची कापणी झाली की पट्टी सोडायची. चारही अंगांनी तुकडे गळून पडतात आणि मधून बैल बाहेर येतो. मुलाला हे बहुधा येत असेल. तुम्हाला येत नाही ते त्यालाच शिकवू द्या. शिंगांच्या वेळी मात्र ठोकळा तुम्ही हातात घ्या. शिंगं वर जातात, रेषा उभी ठेवली तर पाठ आणि शेपूट कमजोर, आडवी ठेवली तर शिंगं मोडणार. कुठे तडजोड करायची, का शिंगं वेगळी करून भोक पाडून बसवायची, हे त्याला कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. चाकं लावायची की नाही यावर तुमचं भांडण होईल. होऊ द्या.

नात परत गेल्यावर तुम्हाला काम हवंच असेल तर अजून एक सुचवते. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं १७६० च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून, देशांच्या सीमांवरून बारीक करवतीनं कापले आणि मुलांना जोडायला दिले. जोडचित्रांचा खेळ तिथून फोफावला. तुम्ही विदर्भ कापा. प्लायवर नकाशा चिकटवा, पाच नंबरचं पातं घ्या. तुमच्या शाळेच्या भिंतीवर विदर्भाचे आठ जिल्हे होते, आता अकरा आहेत. आधी आठच कापा. मग चंद्रपूरचे दोन करा, १९८२ ची गडचिरोली निघाली. अकोल्यातून १९९८ चं वाशिम काढा, भंडाऱ्यातून १९९९ चं गोंदिया. वर्ध्याचा तुकडा सगळ्यात त्रास देईल, कारण त्याची एक बाजू नदीची आहे आणि तुमच्या आर्वीकडे तर तिला वळणंच वळणं. तिथं पातं जागच्या जागी चालू ठेवून लाकूड हळू फिरवा. हे एवढं एकच मी स्वतः चुकून शिकलेय.

ता. क. पाती मोठ्या बॅगेतच टाकायला सांगा, केबिनच्या पिशवीत नकोत, तपासणीत काढून घेतात. आणि ते मोडक्या पायांचं हरीणही सोबत आण म्हणा.